जुनी केबिन: जपायची, सुधारायची की पाडून नवी बांधायची?

क्लबच्या ताब्यातली जुनी केबिन मोडकळीला आली की बैठकीत तीन सूर लागतात. आहे तशी जपू. भिंती ठेवू, पण आतून राहण्याजोगी करू. किंवा, हिच्यावर पैसे घालण्यापेक्षा पाडून नवीच बांधू. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये राहून तिथल्या एखाद्या डोंगरभटक्यांच्या क्लबात काम करत असाल आणि कौल द्यायची वेळ आली असेल, तर तिन्ही वाटांनी गेलेल्या तीन इमारती पाहून घ्या. माझा कल आधीच सांगतो: इमारत किती जुनी आहे यापेक्षा पुढची वीस वर्षं तिच्या छपरावर कोण चढणार आहे, हे पाहून ठरवा.

पहिली वाट जपण्याची. व्हर्जिनियातल्या शेनन्डोआ राष्ट्रीय उद्यानात, निकल्सन हॉलो नावाच्या दरीत, जॉर्ज कॉर्बिन या डोंगरातल्या रहिवाशाने १९१० मध्ये ओंडक्यांचं घर बांधलं. उद्यानासाठी तिथल्या कुटुंबांना उठवलं गेलं. १९३८ मध्ये कॉर्बिनलाही घर सोडावं लागलं. आजूबाजूची बरीच घरं पाडली गेली, जाळली गेली किंवा रानात विरून गेली. हे घर उरलं, कारण १९२७ मध्ये वॉशिंग्टनला स्थापन झालेल्या पोटोमॅक ॲपलॅचियन ट्रेल क्लबने १९५४ मध्ये ते दुरुस्त करून हाती घेतलं. १९८९ पासून ते ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत आहे. आत वीज नाही, नळ नाही. दाराला कुलूप असतं, आधी आरक्षण करून भाडं भरायचं. मला ही पद्धत पटते. देखभालीला थोडा पैसा मिळतो आणि शेवटी कोण राहून गेलं तेही कळतं.

जपणं म्हणजे काही न करणं, असा समज असेल तर तो सोडा. ओंडक्यांची केबिन बहुधा खालून कुजते. वर्षानुवर्षं पालापाचोळा साठून जमीन वर येते, छपराचं पाणी तिथे आपटून चिखल उडतो आणि सगळ्यात खालचा ओंडका कायम ओला राहतो. वरून तो धडधाकट दिसतो. स्क्रू ड्रायव्हर घेऊन दर हातभर अंतरावर दाबून पाहा; टोक सहज आत गेलं तर आतला गाभा गेला आहे. अशा वेळी अख्खी भिंत बदलायची नसते. जॅक लावून भिंत थोडी उचलायची, कुजलेला भाग कापायचा आणि त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा सांध्याला सांधा जुळवून बसवायचा. मग भोवतीची माती उतरवायची आणि पाण्याला बाहेरची वाट काढून द्यायची. ओंडक्यांमधल्या फटी कडक सिमेंटने भरणं ही सगळीकडे दिसणारी चूक: लाकूड हलतं, सिमेंट हलत नाही, मध्ये चीर पडते, पाणी शिरतं आणि आतच अडकतं. गडसंवर्धनाला जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. चुन्यातल्या जुन्या बांधकामावर सिमेंटचा गिलावा थापला की दगडातली ओल कशी कोंडते, हे त्यांनी पाहिलेलं असतं.

या वाटेला हात पुष्कळ लागतात, तेही शिकलेले. शिवाय जमीन अमेरिकेच्या संघीय सरकारची असेल तर १९६६ च्या ऐतिहासिक वारसा जतन कायद्याप्रमाणे काम सुरू होण्याआधी त्याची तपासणी होते. वेळापत्रक आखताना तेवढे महिने धरूनच चाला.

दुसरी वाट स्कॉटलंडमध्ये पाहा. केर्नगॉर्म डोंगरांत, डी नदीच्या काठी, १८७७ मध्ये हरणांवर नजर ठेवणाऱ्या राखणदारासाठी कोरूर ही दगडी खोली बांधली. पुढे ती चालणाऱ्यांचा आसरा झाली. १९५० मध्ये केर्नगॉर्म क्लबने तिची मोठी डागडुजी केली. २००६ च्या सुमारास माउंटन बॉथीज असोसिएशनने (बॉथी म्हणजे डोंगरातला साधा, सगळ्यांना खुला आसरा) आतून लाकडी अस्तर लावलं, शेगडी बसवली, शेजारी शौचालय बांधलं. १९६५ मध्ये सुरू झालेली ही संस्था शंभरेक बॉथी सांभाळते, पण एखाददुसरी सोडली तर मालकी तिची नाही. जमीनमालकाच्या परवानगीने स्वयंसेवक काम करतात. दार उघडं, भाडं नाही, आरक्षण नाही.

काटेकोर जतनवाद्याला आतलं नवं लाकूड खुपेल. मला नाही खुपत. दगडी भिंती आणि बाहेरचं रूप शाबूत आहे, आणि थंडीवाऱ्यात भिजून आलेल्या माणसाला कोरडी जागा मिळते. मात्र उघड्या दाराची किंमत असते: कचरा, गर्दी आणि शौचालयाची सफाई. ही कामं वाटून घेणारी माणसं नसतील तर या वाटेला जाऊ नका.

तिसरी वाट न्यू हॅम्पशायरची. डार्टमाउथ कॉलेजचं मूसिलॉक रॅव्हिन लॉज १९३८ मध्ये तिथल्याच स्प्रूसच्या ओंडक्यांनी उभं राहिलं. नव्या विद्यार्थ्यांच्या सहलींचा तो शेवटचा मुक्काम, त्यामुळे माजी विद्यार्थ्यांचा जीव त्यात अडकलेला. पण ओंडके कुजले आणि दुरुस्ती पुरेशी ठरेना. २०१६ मध्ये ते पाडलं, २०१७ मध्ये त्याच जागी नवं उघडलं. मोठी संस्था, देणगीदार आणि वास्तुविशारद पाठीशी असतील तर हे जमतं. फक्त स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या क्लबाने तो आदर्श समोर ठेवू नये. पाडल्यावर पैसा अपुरा पडला तर हातात मोकळा चौथरा उरतो. शिवाय जुन्या परवानगीवर टिकून असलेल्या जागेत नवं बांधकाम करू देतीलच याची खात्री नसते. ते लेखी विचारून घ्या.

तर निवड अशी करा. दर महिन्याला येणारे सातआठ जण असतील, त्यांतल्या दोघांना सुतारकाम येत असेल आणि घरामागे कॉर्बिनसारखी माणसांची कहाणी असेल, तर जपा. वापर जास्त, इतिहास मुख्यतः भिंतींत, आणि हौशी मंडळी भरपूर असतील तर आतून सुधारा. पाडायचा विचार पाया खचला असेल आणि बांधकामाचा पूर्ण पैसा बँकेत जमा असेल तेव्हाच करा. निम्मा पैसा जमला म्हणून सुरुवात करू नका.

मतदानाआधी एक काम मात्र करा. जोराचा पाऊस असेल अशा दिवशी चारजण केबिनवर जा. दोघं आत, दोघं बाहेर. पाणी कुठून आत येतं, कुठे साचतं, कुठल्या ओंडक्याला लागतं ते खडूने खुणा करून, फोटो काढून आणा. बैठकीत आधी ते फोटो दाखवा, मग हात वर करायला सांगा.