प्रभागांतली करवाटणी: समान वाटा की गरजेचा हिशेब?

श्रीमंत प्रभागाचा कर गरीब प्रभागाकडे थोडा वळायला हवा, हे तुम्हाला पटलंय असं धरतो. प्रश्न वाटायचं कसं, हा आहे. आमच्या शहराच्या अर्थसंकल्प समितीत मला यावर मत द्यावं लागलं, तेव्हा समोर मुख्यतः दोन नमुने होते.

दक्षिण कोरियाची राजधानी सोलमध्ये 2008 पासून मालमत्ता कराचा ठरावीक हिस्सा एकत्र करून 25 विभागांत सारखा वाटतात. आधी 40 टक्के, मग 45, 2010 पासून 50. गंगनामसारखे श्रीमंत विभाग याविरुद्ध घटना न्यायालयात गेले होते, पण पद्धत टिकली.

टोकियोत महानगर सरकार स्थावर मालमत्तेवरचा आणि कंपन्यांवरचा कर स्वतः गोळा करतं आणि त्यातला निम्म्याहून थोडा जास्त पैसा 23 प्रभागांसाठी ठेवतं. प्रत्येक प्रभागाच्या प्रमाणित, म्हणजे ठरलेल्या सूत्राने काढलेल्या, खर्चातून तसंच काढलेलं उत्पन्न वजा करायचं, उरेल ती तूट भरून द्यायची. मिनातोसारख्या सधन प्रभागाला हे नेहमीचं अनुदान मिळतच नाही. शिवाय प्रभागाच्या स्वतःच्या करापैकी 85 टक्केच हिशेबात धरतात, त्यामुळे वसुली वाढवणाऱ्याच्या हातीही काही राहतं. कागदावर ही पद्धत मला आजही जास्त न्याय्य वाटते.

माझं गाडं अडलं ते ‘गरज’, म्हणजे हा प्रमाणित खर्च, या रकान्यावर. आमच्यापुढे आलेल्या तक्त्यात रस्त्यांच्या देखभालीची गरज रस्त्यांच्या क्षेत्रफळावरून काढली होती, उद्यानांची उद्यानांच्या क्षेत्रफळावरून. म्हणजे ज्या प्रभागात बागच नाही, त्याच्या नावापुढे बागेची गरज शून्य! रुंद रस्ते, मोठी उद्यानं असलेल्या प्रभागाची गरज मात्र भरभक्कम. मी हरकत घेतली, तर निकष बदलायची चर्चा सुरू झाली आणि प्रत्येक प्रभाग आपल्या सोयीचा निकष घेऊन आला. ज्यांच्याकडे हुशार लेखाधिकारी होते त्यांचेच निकष टिकले, आणि असे अधिकारी गरीब प्रभागांकडे क्वचितच असतात.

समान वाट्यात हा घोळ होत नाही. दोष त्यातही आहे: लोकसंख्या कितीही असो, वाटा तेवढाच, त्यामुळे दाट वस्तीच्या विभागावर अन्याय होतो. त्यावर उपाय सोपा आहे. गोळा झालेल्या रकमेपैकी अर्धी समान आणि अर्धी लोकसंख्येनुसार वाटायची.

श्रीमंत प्रभाग अजिबात ऐकत नसतील तर अमेरिकेतल्या मिनियापोलिस-सेंट पॉल परिसराचा 1971 चा कायदा बघा. तिथे व्यापारी-औद्योगिक मालमत्तेच्या फक्त वाढीतला 40 टक्के कर-आधार (ज्या मूल्यावर कर बसतो ते) सामाईक होतो. जुन्याला हात लागत नाही. पण फरक दिसायला वर्षं जातात.

तुमच्याकडे खात्रीची आकडेवारी आणि ती तपासणारी निष्पक्ष यंत्रणा असेल, तर टोकियोच्या वाटेने जायला हरकत नाही. नसेल, तर मी सोलकडे झुकेन. सुरुवात कमी टक्क्याने करा, पण वाढीचे टप्पे नियमातच लिहून घ्या. दरवर्षीच्या अर्थसंकल्पावर सोडलं तर पहिल्याच तंगीच्या वर्षी तो टक्का खाली ओढला जाईल.