सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी लावलेला पाण्यातल्या व्यायामाचा क्लास (कोथरूड)

ज्यांच्या घरी गुडघे झिजलेलं माणूस आहे आणि फिजिओचे व्यायाम गादीवर करायला घेतले की कण्हायला लागतं, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितीये. पोहता यायची अजिबात गरज नाही, आमच्या आईंनी आयुष्यात कधी टँकमध्ये पाय घातला नव्हता.

सगळ्यात आवडलं म्हणजे पाण्यात उतरायची सोय. बाकी बहुतेक टँकला ती उभी स्टीलची शिडी असते, त्यावरून सत्तरीच्या बाईने उतरायचं कसं? इथे रुंद पायऱ्या आहेत आणि दोन्ही बाजूंना कठडे. शिकवणारी ताई काठावर उभी राहून ओरडत नाही, स्वतः पाण्यात आईंच्या पुढ्यात थांबते, "आजी, टेकला ना पाय? मग आता दुसरा आणा, घाई नाही." पाणी छातीपर्यंत आलं की अंगाचं साधारण पाव ते तृतीयांश वजनच पायांवर येतं, कंबरेइतक्या पाण्यात निम्मं. त्यामुळे घरात काठीशिवाय न हलणाऱ्या आई तिथे कठडा सोडून पुढे, मागे, आडव्या अशा चालतात! आणि पाय जितका जोरात हलवाल तितकं पाणी अडवतं, म्हणजे व्यायाम किती जड करायचा ते आपल्याच हातात.

पाणी ३३ डिग्रीच्या आसपास ठेवतात, नेहमीचे टँक २६ ते २८ ला असतात, तेवढ्या गारव्यात आखडलेले सांधे अजून आखडतात. फी जास्त वाटते खरी, पण पाणी तापवायला खर्च येतोच.

कपड्यांचं आईंना फार टेन्शन होतं. पायभर लेगिंग आणि बाह्यांचा नायलॉनचा टॉप चालतो, कॉटनचा पंजाबी ड्रेस मात्र नको, भिजून जड होतो आणि पायात येतो. डॉक्टरांची चिठ्ठी मागतात ते बरोबरच आहे, हार्टचा त्रास, फिट्स, उघडी जखम असेल तर आधी विचारायलाच हवं. बाहेर येताना शेवटच्या पायऱ्यांवर सगळं वजन एकदम परत येतं, चक्करही येऊ शकते, तिथे थोडं थांबवून मग खुर्चीत बसवतात.

आता तक्रार. चेंजिंग रूमची फरशी कायम ओली, धरायला एकही बार नाही, गेटला दोन पायऱ्या आणि रॅम्प नाही, व्हीलचेअरवाल्यांना उचलूनच आणावं लागतं. पाण्यात एवढी काळजी घेता आणि बाहेर आल्यावर माणूस घसरून पडलं तर काय उपयोग? सांगितलं की "बरोबर कोणीतरी आणत जा" म्हणतात. जे एकटे राहतात त्यांनी कोणाला आणायचं?

गुडघे बरे झालेत असं नाही, जिन्यात अजूनही थांबावं लागतं. पण खुर्चीतून उठताना आई आता मला हाक मारत नाहीत.

थंडीत अकराची बॅच घ्या, सकाळी लवकर ओल्या अंगाने बाहेर यायला फार गारठा लागतो. चार स्टार देतीये, पाचवा चेंजिंग रूममध्ये बार बसवल्यावर.