गरम चियाबाटा आणि प्लॅस्टिकची पिशवी : नाशिकच्या बेकऱ्यांचा काही महिन्यांचा अनुभव

चियाबाटा, फोकाच्चा हे इटालियन पाव आणि कनोली, तिरामिसू हे तिथले गोड पदार्थ ही नावे आता नाशिककरांना नवीन नाहीत, म्हणून त्यांची अधिक ओळख करून देत बसत नाही. उन्हाळ्यापासून मी हे सगळे पदार्थ मॉलमधून किंवा ऑनलाइन न मागवता शहरातल्या लहान बेकऱ्यांतूनच घेत आहे. आत्ताच लिहायला बसण्याचे कारण असे, की मागच्या रविवारी कॉलेज रोडच्या एका बेकरीत भट्टीतून नुकताच निघालेला दीडशे रुपयांचा चियाबाटा माझ्या डोळ्यांदेखत प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला गेला आणि पिशवीचे तोंड चिकटपट्टीने बंद करून मला दिला गेला. घरी पोहोचेपर्यंत पिशवीला आतून घाम फुटला होता आणि पावाचे कवच वातड झाले होते.

दीडशे रुपयांत आमच्याकडे लादीपाव कितीतरी दिवस पुरतो. एवढे पैसे मोजल्यावर ज्यासाठी ते मोजले तेच हाती लागू नये, याचा मला मनापासून राग येतो. तोही अशा बेकरीचा, जिला अवघड काम उत्तम जमले आहे. चियाबाट्याला १०० ग्रॅम मैद्यामागे ७५ ते ८० ग्रॅम पाणी लागते. एवढे सैल पीठ मळता येत नाही, ते हलक्या हाताने घड्या घालत सांभाळावे लागते आणि आदल्या दिवशी थोडे पीठ वेगळे आंबवून ठेवावे लागते. या बेकरीचा पाव कापला की आत लहानमोठी, वेडीवाकडी छिद्रे दिसतात, त्यांच्या भिंती किंचित चमकतात आणि आंबवणाचा मंद वास येतो. नेहमीच्या मैद्यातून हे साधणे सोपे नाही. हा पाव काही शतकांच्या परंपरेतला नाही. व्हेनिसजवळच्या आद्रिया गावातील आर्नाल्दो कावालारी यांनी फ्रेंच ‘बगेत’ या लांबट पावाला तोड म्हणून तो १९८२ मध्ये तयार केला. तेव्हा तो नाशिकमध्ये जमू नये असे काही नाही, आणि तो जमलेलाही आहे. पिशवीपर्यंत सगळे ठीक चालते.

भट्टीतून निघालेल्या पावाच्या गाभ्यात ४० टक्क्यांच्या आसपास पाणी असते आणि कवच जवळजवळ कोरडे असते. पाव निवताना गाभ्यातला ओलावा बाहेरच्या बाजूला सरकतो. पाव जाळीवर उघडा असेल तर तो हवेत निघून जातो, पिशवीत असेल तर त्याला जायला जागाच नसते आणि तो कवचात मुरतो. जाळीवर तासभर ठेवण्याला एक पैसाही खर्च येत नाही. हे काउंटरवरच्या मुलाला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "काकू, कागदात दिला की लोक दुसऱ्या दिवशी परत आणतात. म्हणतात, पाव कडक झाला." त्याचे म्हणणे खोटे नाही. मिसळीबरोबर खायचा पाव मऊच हवा, आणि तीच अपेक्षा आपण प्रत्येक पावाकडून ठेवतो. पण गिऱ्हाईक चुकीची अपेक्षा ठेवते म्हणून बेकरीने स्वतःचाच पाव बिघडवून द्यावा, हे मला पटत नाही.

जूनपर्यंत माझा निकष सरळ होता : कागदी पिशवी देणारी बेकरी चांगली. पावसाळ्याने तो बदलायला लावला. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत कागदातला पावही संध्याकाळपर्यंत मऊ पडतो, त्यात बेकरीचा दोष नसतो. त्यामुळे आता मी पाव अखंड मिळतो का, हे आधी पाहते. अखंड पावावर पाण्याचा हलका हात फिरवून तो २०० अंशांच्या ओव्हनमध्ये सात-आठ मिनिटे ठेवला की कवच पुन्हा कुरकुरीत होते. ओव्हन नसेल तर बिडाच्या तव्यावर झाकण ठेवून गरम करावा आणि शेवटी झाकण काढावे. यंत्रावर कापून दिलेल्या पावाचे असे काही करता येत नाही, त्याचे काप वाळून टोस्ट होतात. उरलेला पाव फ्रीजमध्ये मात्र ठेवू नये. पाव शिळा होतो तो मुख्यतः त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होत गेल्यामुळे, आणि फ्रीजच्या थंडाव्यात ही क्रिया सर्वांत वेगाने होते. फ्रीझरमध्ये ती थांबते. कागदी पिशवीचे महत्त्व माझ्या लेखी कमी झाले असले तरी गरम पाव प्लॅस्टिकमध्ये कोंडण्याला माफी नाही, कारण पावसाळ्यात त्याच ओलाव्यावर दोन दिवसांत बुरशी धरते.

अनपेक्षित आनंद दिला तो इंदिरानगरच्या एका साध्या बेकरीने, जिचा मुख्य धंदा खारी, टोस्ट आणि नानकटाईचा आहे. तिथला फोकाच्चा ९० रुपयांत चांगला तळहाताहून मोठा चौकोन मिळतो. इटलीतल्या लिगुरिया प्रांतात भाजण्यापूर्वी पिठात बोटांनी खळगे पाडून त्यांत ऑलिव्ह तेल आणि मिठाचे पाणी ओततात. इथेही तसेच करतात, फक्त तेल निम्मे सूर्यफुलाचे असते आणि मालक ते विचारल्यावर सरळ सांगतात. खळग्यांत तेल साचलेली जागा खालून जवळजवळ तळल्यासारखी होते, आणि मी तोच तुकडा आधी खाते. फोकाच्चा मुळातच मऊ आणि तेलकट असल्याने पिशवीने त्याचे फारसे बिघडत नाही. शंभर रुपयांच्या आत एकच वस्तू घ्यायची असेल तर ही घ्यावी.

कनोलीच्या बाबतीत पुन्हा ओलाव्याचाच प्रश्न आहे. सिसिलीत चांगल्या दुकानात तळलेली नळी रिकामीच ठेवतात आणि गिऱ्हाईक समोर आल्यावर तिच्यात मेंढीच्या दुधाचे रिकोटा हे मऊ चीज भरतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सकाळीच भरून काचेच्या थंड कपाटात मांडलेली असते, त्यामुळे दुपारपर्यंत नळी लिबलिबीत होते. त्यात वनस्पती तेलाचे फेटलेले क्रीम असेल तर तो वीस रुपयांचा क्रीम रोलच शंभराहून अधिक रुपयांना घेतल्यासारखे आहे. गंगापूर रोडवरच्या एका बेकरीत मात्र नळ्या डब्यात वेगळ्या ठेवतात. नळीच्या पिठात मार्साला या सिसिलीच्या वाइनऐवजी नाशिकचीच लाल वाइन घालतात, आणि सारणात पनीर व चक्का असतो. चक्क्यामुळे ते किंचित आंबट लागते, पण गोडाला तो आंबटपणा शोभतो. नळीवर तळताना आलेले फोड दाताखाली फुटतात आणि चुरा अंगावर सांडतो. कनोली ताजी असल्याची याहून चांगली खूण नाही. तिथे सांगितले तर सारण लहान डबीत वेगळे देतात, म्हणजे घरी नेऊन भरता येते.

तिरामिसूविषयी थोडक्यात सांगते. त्यात लागणारे मस्कारपोने हे मलईदार इटालियन चीज महाग असल्याने लहान बेकऱ्यांत त्याच्या जागी वनस्पती तेलाचे क्रीम वापरले जाते, आणि खाल्ल्यावर टाळूला तुपकट थर चिकटून राहिला की ते लगेच कळते. मी तो घेणे थांबवले आहे. त्याच पैशांत कांतुच्ची, म्हणजे इटलीतल्या प्रातो शहरातली बदाम घातलेली, दोनदा भाजलेली बिस्किटे घ्यावीत. ती मुळातच कोरडी असल्यामुळे बेकरीच्या पिशवीचा त्यांच्यावर काही परिणाम होत नाही, घट्ट झाकणाच्या डब्यात पावसाळ्यातही दोन-तीन आठवडे टिकतात आणि चहात बुडवली तरी चटकन तुटून पडत नाहीत.