जुनं १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड ठेवायचं की विकायचं? ३०६० घेतल्यावरचा प्रश्न

गेमिंगसाठीच पीसी असेल तर विचारच करू नका, जुनं विकून टाका. दोन कार्डं लावली म्हणून एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स) डबल होत नाही, एसएलआयला, म्हणजे गेमसाठी दोन कार्डं जोडायच्या एनव्हिडियाच्या सोयीला, एकसारखीच कार्डं लागायची आणि ३०६० ला तो सपोर्टच नाहीये.

पण ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर वापरत असाल तर मामला वेगळा. सायकल्ससाठी (ब्लेंडरचं रेंडर इंजिन, म्हणजे सीनचं अंतिम चित्र बनवणारा भाग) प्रेफरन्सेस, मग सिस्टिममध्ये जाऊन दोन्ही कार्डांवर टिक केलं की दोघं मिळून रेंडर करतात, फक्त ३०६० ची १२ अधिक जुन्याची ६ म्हणजे १८ जीबी मेमरी असला हिशोब इथे चालत नाही बरं का, पूर्ण सीन प्रत्येक कार्डात वेगळा लोड होतो, त्यामुळे जड सीनला ६ जीबीवालं बिचारं आधी गळपटतं. लोकल एआय मॉडेल चालवताना मात्र उलटं, लामा.सीपीपी हा ती मॉडेल्स चालवणारा प्रोग्राम मॉडेलचे लेयर्स (थर) दोन्ही कार्डांवर वाटून देतं, तिथे जुनं कार्ड खरंच कामी येतं.

खर्च? १७० अधिक १२५ वॉट नुसते कार्डांचे, आणि बऱ्याच स्वस्त बोर्डांवर दुसरा लांब स्लॉट दिसायला एक्स१६, आतून एक्स४, म्हणजे डेटाच्या लेन १६ ऐवजी चारच. शिवाय दोन्ही कार्डं चिकटून बसली की वरच्याला हवाच नाही.

माझं मत, एआयचा नाद असेल तरच ठेवा.