चुन्यात केलेली धुराड्याची दुरुस्ती, पावसाचे महिने गेल्यावरचा अनुभव (आणि कॅपच्या स्क्रूंबद्दल)

चुन्याच्या दरजा (विटांमधले सांधे) छान टिकल्यात, आत ओल नाही, लोणा थांबलाय. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे बराच राग येणार आहे आणि तो वाचून कुणी चुन्याचं कामच नको असं ठरवू नये. राग आहे तो धुराड्यावरच्या कॅपच्या स्क्रूंचा.

आमचं घर समुद्राच्या अगदी तोंडावर. धुराडं जुन्या मऊ विटांचं, मूळ बांधकाम चुन्यातलं, पण मधे कधीतरी वरून सिमेंटच्या दरजा भरलेल्या. आधीचा कॉन्ट्रॅक्टर दरवेळी यायचा, अजून एक कोट सीलर मारायचा, बिल द्यायचा आणि जायचा. ओल तशीच. वर चढून बघितलं तेव्हा सिमेंटच्या दरजा जाळीसारख्या बाहेर उभ्या आणि विटा मागे खचलेल्या, बोट लावलं की लाल भुकटी हातात. सिमेंट विटेपेक्षा कडक आणि पाण्याची वाफ सहज बाहेर सोडत नाही, मग भिंतीत शिरलेलं पाणी विटेतूनच बाहेर पडतं आणि मीठ विटेच्या तोंडाशी ठेवून जातं. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की विरघळतं, खाली आली की परत त्याचे स्फटिक होतात, आणि समुद्राकाठी हा खेळ सतत चालू. प्रत्येक वेळी स्फटिक वीट आतून ढकलतात. त्यावर सीलरचा पापुद्रा चढवला की ओल आत कोंडते आणि पोपडे आणखी जोरात निघतात. म्हणजे पैसे देऊन आम्ही विटा मारत होतो.

वर धुराडं थोडं कललेलंही होतं. मला वाटायचं पाया खचला. नवीन गवंड्याने ओळंबा लावला आणि सांगितलं की पाया नाही, वरचाच भाग वाकलाय. धुरातलं गंधक ओलीत मिसळून सल्फेट होतं, ते सिमेंटमध्ये शिरून माल फुगवतं, आणि पावसाचा मारा ज्या बाजूला तीच जास्त भिजते म्हणून तीच जास्त फुगते, धुराडं उलट बाजूला झुकतं. तेवढा वरचा भाग उतरवून परत रचला.

काम हळू झालं. ग्राइंडर लावला नाही, कारण पातं विटेच्या कडा खातं, सगळं छिन्नीने. दरजेची जेवढी रुंदी त्याच्या दोन ते अडीचपट खोल उकरलं, नुसतं वरून लिंपलं नाही. माल एनएचएल ३.५ चा, म्हणजे पाण्याने घट्ट होणारा नैसर्गिक चुना, २८ दिवसांनी ताकद किमान ३.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. मी म्हटलं समुद्र आहे, ५ चा घ्या ना, जास्त मजबूत. तो म्हणाला विटा मऊ आहेत, झिजायचंच असेल तर दरज झिजू दे, दरज परत भरता येते. पटलं. हा चुना समुद्राला नवा नाहीच, १७५० च्या दशकात स्मीटन या इंजिनिअरने इंग्लंडजवळच्या एडिस्टोनच्या खडकावर लाटांत दीपगृह बांधलं ते असाच चुना शोधून, आणि पोर्टलँड सिमेंटचं, म्हणजे आजच्या नेहमीच्या सिमेंटचं, पेटंट आलं १८२४ मध्ये. नंतर गोणपाट बांधून ते ओलं ठेवायचं काम, तेव्हा मला तो शुद्ध वेळकाढूपणा वाटत होता. आता म्हणेन त्याचे पैसे वसूल झाले, कारण एकाही दरजेला केसाएवढी भेग नाही. वरच्या स्लॅबला बाहेर छज्जा काढून खालून पाण्याची खाच पाडलीय, पाणी तिथेच तुटून थेंबाथेंबाने खाली पडतं, विटेवर ओघळत नाही. छपराच्या सांध्यात डांबर न फासता शिशाचा पत्रा पायऱ्यापायऱ्यांनी दरजेत घुसवलाय.

आता स्क्रू. कॅप ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलची, मीच हट्टाने मागितली होती. नेहमीचं स्टेनलेस म्हणजे ३०४, त्यात आणि ३१६ मधला मोठा फरक म्हणजे ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो, मिठाला तोच पुरून उरतो. इतकं सगळं महागाचं घेतलं आणि बसवताना कंपनीच्या माणसांनी खिशातले साधे झिंक चढवलेले स्क्रू मारले! मोठा स्टेनलेसचा पत्रा, त्याला टेकलेला एवढासा साधा स्क्रू आणि मधे खारं पाणी, अशा वेळी गंजायचं सगळं काम त्या स्क्रूच्या वाट्याला येतं आणि तो नेहमीपेक्षा कितीतरी लवकर जातो. दोनाची डोकी गळून पडली. बाकीच्यांचा तांबूस ओघळ कोऱ्या पांढऱ्या दरजांवर उतरलाय, अंगणातून मान वर केली की आधी तोच दिसतो. कंपनीला फोन केला तर उत्तर, समुद्राजवळ गंज येणारच. अहो मग ३१६ कशासाठी विकली मला?

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं, मधे त्यांचा माणूस येऊन गेला. स्क्रूंच्या जागी बोल्ट लावले, डोक्यावर ए४ कोरलेलं आहे, मी स्वतः बघितलं. ए२ म्हणजे ३०४ च्या जातीचं, ए४ म्हणजे ३१६ च्या. (लोहचुंबक लावून साधा स्क्रू लगेच सापडतो, पण ३०४ आणि ३१६ त्याने वेगळे कळत नाहीत, दोन्ही सहसा चिकटत नाहीत.) तेव्हा सर्व्हिसबद्दल आधी जेवढं वाईट लिहिणार होते तेवढं नाही लिहीत. पण तोच माणूस डाग काढायला ॲसिडची बाटली घेऊन आला होता! चुना ॲसिडमध्ये विरघळतो, हे चुन्याचं काम करणाऱ्यांना मी सांगायचं? पायऱ्यांवरूनच परत पाठवला.

पाणी अडवणारं सिलॉक्सेन मारायचं का असं ते विचारतायत. ते पापुद्रा करत नाही, वाफ जाऊ देतं, हे खरं, पण भिंतीत अजून जुनं मीठ आहे, ते आधी बाहेर पडू दे. सध्या नको म्हटलंय.

गवंडी कुणालाही बिनधास्त सांगेन. कंपनीचं नाव सांगताना मात्र बोल्टची अट बिलावर लिहून घ्या असं बजावेन, आणि ती डोकी तपासल्याशिवाय परांची उतरवू देऊ नका. शेवटचा हप्ता मी अडवून ठेवलाय, डाग चुना न दुखवता निघाला की देईन.