दुरुस्तीच्या ट्रकला क्रॅश कुशन: चॅसिसवर बसवायचं की मागून ओढायचं?

अमेरिकेत हायवे मेंटेनन्सच्या ट्रकमागे क्रॅश कुशन, म्हणजे मागून येणाऱ्या गाडीची धडक चेपत झेलणारा कप्प्यांचा भाग, मुख्यतः दोन तऱ्हांनी येतं. एक चॅसिसला बोल्टने बसवलेलं, हायड्रॉलिकने उभं दुमडणारं. दुसरं स्वतःच्या चाकांवरचं, हुकाला लावून ओढायचं ट्रेलर कुशन. ‘मॅश’ या रस्ता-सुरक्षा साधनांच्या अमेरिकी चाचणी-नियमावलीची टीएल-3, म्हणजे ताशी 100 किमीची चाचणी पार केलेली मॉडेलं दोन्हींत मिळतात, त्यामुळे निवड तिथे होत नाही.

मूळ गणितही दोन्हींत एकच. 2270 किलोचा पिकअप 100 च्या वेगाने आला की सुमारे 876 किलोज्यूल ऊर्जा आणतो. 1100 किलोची छोटी कार त्याच्या निम्म्याहून कमी. पण कारमधल्या माणसाला बसणारा झटका 20.49 जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या 20.49 पटींच्या) आत राहायला हवा, म्हणून धडक आधी बसते ते कप्पे मऊ आणि ट्रकजवळचे कडक ठेवावे लागतात. लांबी जाते ती यातच. शिवाय ट्रक हलका असेल तर तोच पुढे ढकलला जातो. ब्रेकची पकड बाजूला ठेवली, तर 9 टनांचा ट्रक पिकअपसकट ताशी 20 किमीने सरकेल आणि साडेचार टनांचा सुमारे 34 ने. पुढे कामगार उभे असतात, त्यामुळे उत्पादकाने दिलेलं ट्रकचं किमान वजन पाळायलाच हवं.

ट्रेलरची बाजू भक्कम आहे. वजन त्याच्याच ॲक्सलवर असतं आणि हुक सोडला की ट्रक दुसऱ्या कामाला मोकळा. चॅसिसवरच्या कुशनचं तसं नाही. समजा 900 किलोचं कुशन उघडल्यावर त्याचा मध्य मागच्या ॲक्सलपासून साडेतीन मीटर मागे येतो आणि व्हीलबेस, म्हणजे दोन ॲक्सलमधलं अंतर, साडेचार मीटर आहे; मग पुढचं ॲक्सल 700 किलोंनी हलकं होतं आणि मागच्यावर 1600 किलो चढतात. स्टिअरिंग हलकं लागतं, म्हणून बॅलास्ट, म्हणजे ट्रकवर मुद्दाम चढवलेलं वजन, पुढे सरकवून पक्का बांधावा लागतो. सुटी पोती टाकली तर धडकेत तीच केबिनवर येतात. दुमडल्यावर उंची वाढते, ती कमी उंचीच्या पुलाखाली आठवते.

एवढं असूनही माझा कल चॅसिसवरच्या कुशनकडे आहे, आणि त्याचं कारण रिव्हर्स.

लेन बंद करताना रस्त्यावर ट्रॅफिक कोन (शंकू) लावत पुढे जाता येतं, पण उचलताना शेवटच्या कोनपासून उलटं यावं लागतं, आणि कुशनचा ट्रक त्या वेळी वाहतुकीच्या बाजूला राहून मागे सरकत असतो. 12 फुटी लेन आणि ताशी 60 मैलांचा रस्ता धरला, तर नुसता टेपरच, म्हणजे लेन तिरकी बंद करत नेणारी कोनांची रांगच, 720 फुटांची, म्हणजे सुमारे 220 मीटर. एवढं अंतर आखूड ट्रेलर सरळ मागे ढकलणं भल्याभल्यांना जमत नाही. हुकापासून ॲक्सल जवळ असल्याने जरासा तिरकेपणा क्षणात वाढतो. ट्रेलर बुटका, आरशात दिसेपर्यंत तिरका झालेला असतो. मग थोडं पुढे घ्या, सरळ करा, पुन्हा मागे. दर वेळी हेच.

किरकिर चालकापुरती असती तर सोडून दिली असती. पण तिरकं झालेलं कुशन ज्या स्थितीत तपासलं, त्या स्थितीत राहतच नाही. ‘मॅश’मध्ये बाजूला सरकून आणि 10 अंशांच्या कोनात धडक तपासतात खरी, पण तेव्हा कुशन ट्रकच्या रेषेत असतं. आधीच वळलेल्या ट्रेलरच्या कोपऱ्यावर कार आली तर पहिला जोर कप्पे चेपण्याऐवजी ट्रेलर फिरवण्यात जातो.

तुमचं काम बहुतेक एका जागी उभं राहून चालत असेल, किंवा एकच ट्रक हिवाळ्यात बर्फ काढायलाही लागत असेल, तर ट्रेलर गैर म्हणणार नाही. घेताना हुकातला ढिलेपणा आणि फिरणं रोखणारा भाग मात्र वाकून बघा. कुशन कुठलंही असो, खालची कड रस्त्यापासून साधारण 300 मिमीवर आहे ना, ते बॅलास्ट चढवल्यानंतर टेपने मोजा. ती वर गेली की छोटी कार खाली घुसते.