टॅकोमाचा ऑक्सिजन सेन्सर घेताना झालेली फसवणूक

माझ्याकडे २००० सालची, ३.४ लिटरच्या सहा सिलिंडर इंजिनाची टोयोटा टॅकोमा पिकअप आहे. कॅलिफोर्नियात फ्रेझ्नोजवळ राहायला आलो तेव्हा एका वृद्ध शेजाऱ्यांकडून ती घेतली. बागेसाठी खत आणि माती आणण्यापासून मंडळाच्या कार्यक्रमाचे सामान हलवण्यापर्यंत सगळी कामे तिच्यावरच चालतात. गेल्या फेब्रुवारीत तिच्या डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागला आणि तो दुरुस्त करण्याच्या प्रयत्नात मी ६२ डॉलरला एक बनावट ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे एक्झॉस्टच्या धुरातील ऑक्सिजन मोजणारा भाग, विकत घेतला. पैसे शेवटी परत मिळाले, परंतु मधल्या अडीच महिन्यांत जो मनस्ताप झाला आणि जो मोठा खर्च थोडक्यात टळला, तो पाहता जुनी गाडी राखणाऱ्या इतरांपर्यंत हा अनुभव पोहोचवणे मला आवश्यक वाटते.

१९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सगळ्या गाड्यांना स्टिअरिंगखाली एकाच प्रकारचे सॉकेट असते, त्यामुळे स्वस्त स्कॅनर लावूनही बिघाडाचा कोड वाचता येतो. माझा कोड पी ११३५ होता, म्हणजे इंजिनाच्या बाजूच्या पहिल्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये बिघाड. हा सेन्सर चांगला तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून त्याच्या पोटात एक लहानसा हीटर असतो आणि बहुधा तोच आधी जातो. गाडी पंचवीस वर्षे जुनी असल्यामुळे यात नवल नव्हते. सेन्सर बदलायचा एवढे ठरले. प्रश्न कोणता घ्यायचा हा होता, आणि माझी फसवणूक नेमकी तिथेच झाली.

ज्याला आपण सरसकट ऑक्सिजन सेन्सर म्हणतो, त्याच्या दोन जाती आहेत. साधा सेन्सर साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान खाली-वर होत राहतो आणि हवा आणि पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल जास्त आहे की कमी, एवढेच सांगतो. दुसऱ्या जातीला एअर-फ्युएल रेशो सेन्सर म्हणतात, आणि तो पेट्रोल किती जास्त किंवा किती कमी आहे हेही इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळवतो. त्या काळात टोयोटाने कॅलिफोर्नियाच्या कडक नियमांप्रमाणे बनवलेल्या टॅकोमांना इंजिनाच्या बाजूला हा दुसरा सेन्सर दिला, तर इतर राज्यांसाठीच्या त्याच इंजिनाच्या टॅकोमांना साधा. बाहेरून पाहिले तर दोन्ही जवळजवळ जुळे दिसतात आणि दोघांनाही चारच वायरी असतात. आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे हे ती आज कोणत्या राज्यात नोंदलेली आहे त्यावरून ठरत नाही, कारण पंचवीस वर्षांत गाडी चार राज्ये फिरलेली असू शकते. बॉनेट उघडल्यावर आतल्या बाजूला उत्सर्जनाविषयी माहिती देणारे जे स्टिकर दिसते, त्यावर ते लिहिलेले असते. माझ्या गाडीच्या स्टिकरवर कॅलिफोर्नियाचा स्पष्ट उल्लेख होता आणि तो मी खरेदीपूर्वीच वाचला होता. म्हणजे माहितीअभावी मी फसलो असे म्हणता येणार नाही.

डीलरकडे या सेन्सरची किंमत २०० डॉलरच्या पुढे होती. एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवरील एका विक्रेत्याकडे तोच सेन्सर, मूळ उत्पादकाच्या खोक्यात, ६२ डॉलरला दिसला. "माझी गाडी कॅलिफोर्नियाच्या बनावटीची आहे, हा सेन्सर चालेल का?" असे मी त्याला लेखी विचारले. सर्व टॅकोमांना तो बसतो आणि माल मूळ कंपनीचाच आहे, असे उत्तर तासाभरात आले. टोयोटाच्या भागक्रमांकांत साध्या ऑक्सिजन सेन्सरचा क्रमांक ८९४६५ ने सुरू होतो आणि एअर-फ्युएल रेशो सेन्सरचा ८९४६७ ने, हे मला ठाऊक होते. आलेल्या खोक्यावरच्या लेबलावर ८९४६७ पाहिल्यावर माझी खात्री पटली आणि आतल्या वस्तूकडे मी बारकाईने पाहिले नाही. विक्रेत्याच्या त्या उत्तराचाच मी नीट विचार करायला हवा होता. या पिकअपला दोन वेगवेगळ्या जातींचे सेन्सर लागतात हे ज्याला माहीत आहे, तो "सर्वांना बसतो" असे म्हणूच शकत नाही.

गाडीखाली जाऊन गंजलेले दोन नट सोडवायला एक संपूर्ण दुपार गेली. नवा सेन्सर बसवला, कोड पुसला आणि चार दिवस दिवा लागला नाही. पाचव्या दिवशी तो पुन्हा लागला, या वेळी पी ११३० या कोडसह, म्हणजे त्याच सेन्सरचे माप अपेक्षित कक्षेत नसल्याची तक्रार. आधीची हीटरची तक्रार मिटली होती, त्यामुळे माझा संशय नव्या सेन्सरवर न जाता वायरिंगवर गेला. तोवर एक्झॉस्टच्या टोकाला काळी काजळी धरू लागली होती, सकाळी गाडी सुरू केली की कच्च्या पेट्रोलचा वास येत होता आणि गॅलनला १८ मैल जाणारी गाडी १४ वर आली होती. एका गॅरेजने सेन्सर नवा आहे हे ऐकून तो तपासलाच नाही आणि इंजिनाचा कॉम्प्युटर बदलण्यासाठी ९०० डॉलरचा लेखी अंदाज हातात ठेवला. मिश्रणात इतके पेट्रोल जात राहिले तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही (धुरातील विषारी वायू कमी करणारा भाग) खराब होतो, आणि कॅलिफोर्नियात त्याची किंमत या सगळ्यापेक्षा मोठी आहे.

त्या अंदाजावर सही करण्यापूर्वी मी सेन्सर पुन्हा काढला आणि स्वयंपाकघरातील टेबलावर वर्तमानपत्र पसरून मल्टिमीटर घेऊन बसलो. कनेक्टरच्या ज्या दोन टोकांना काळ्या वायरी येतात, ती हीटरची टोके. टोयोटाच्या दुरुस्तीपुस्तिकेनुसार २० अंश तापमानाला एअर-फ्युएल रेशो सेन्सरच्या हीटरचा रोध ०.८ ते १.४ ओहम असावा लागतो आणि साध्या सेन्सरचा ११ ते १६ ओहम. मीटरवर १३.२ आकडा आला. मी टोके पुसून तीन वेळा मोजले, तरी आकडा तोच. नंतर थिनर लावलेल्या फडक्याने सेन्सरच्या धातूच्या अंगावरील क्रमांक पुसून पाहिला तर अक्षरे फडक्यावर उतरली. माझ्या जुन्या सेन्सरवरचा क्रमांक धातूत कोरलेला होता आणि पंचवीस वर्षांच्या काजळीखालीही वाचता येत होता. म्हणजे खोक्यात साधा, कोणत्यातरी अनामिक कारखान्याचा सेन्सर घालून वर महागड्या सेन्सरचे नाव छापलेले होते. त्याचा हीटर चालू असल्यामुळेच पहिला कोड गेला होता आणि त्या चार दिवसांचा दिलासा मिळाला होता.

विक्रेत्याला मोजमापाची छायाचित्रे पाठवली, तेव्हा त्याने एकदा बसवलेला विद्युत भाग परत घेत नाही असे आधी कळवले आणि मग मी तक्रार मागे घेतली तर १५ डॉलर देण्याची तयारी दाखवली. ते मी स्वीकारले नाही. क्रेडिट कार्डाने पैसे दिले होते, म्हणून बँकेकडे लेखी तक्रार केली. अशी तक्रार ज्या बिलात ती रक्कम पहिल्यांदा दिसते ते पाठवल्यापासून ६० दिवसांच्या आत करावी लागते, आणि दुरुस्तीच्या गडबडीत ही मुदत सहज निसटते. विक्रेत्याचे लेखी उत्तर, खोक्याचे आणि सेन्सरचे छायाचित्र आणि डीलरच्या पार्ट्स काउंटरवरून घेतलेली, माल मूळ नसल्याची चिठ्ठी, एवढ्या कागदांवर बँकेने पूर्ण रक्कम परत केली. खोके फेकून दिले असते तर माझ्या हातात काहीच पुरावा राहिला नसता.

खरा सेन्सर शेवटी डीलरकडून, गाडीचा चेसिस क्रमांक देऊन आणि स्टिकरचे छायाचित्र दाखवून, २१४ डॉलरला घेतला. तो काउंटरवरच मोजला तेव्हा मीटरवर १.१ ओहम आले. कोड पुसल्यावर लगेच स्मॉग तपासणीला, म्हणजे कॅलिफोर्नियातील धुराच्या प्रदूषणाच्या तपासणीला, नेऊन उपयोग नसतो, कारण २००० सालच्या आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांची तपासणी गाडीच्या कॉम्प्युटरमधूनच होते आणि त्याच्या अंतर्गत चाचण्या पूर्ण झालेल्या नसतील तर गाडी नापास होते. आठवडाभर शहरात आणि महामार्गावर चालवून मग नेली आणि ती उत्तीर्ण झाली. मायलेज पुन्हा १८ वर आले आहे.

त्या विक्रेत्याचे खाते आता बंद झालेले दिसते. परंतु गेल्या आठवड्यात दुसऱ्याच नावाच्या एका खात्यावर मला तेच छायाचित्र आढळले: निळ्या चौकड्यांच्या कापडावर ठेवलेला सेन्सर आणि शेजारी डावा कोपरा दुमडलेले खोके. किंमत ५८ डॉलर आहे, आणि वर्णनात लिहिले आहे की १९९५ ते २००४ पर्यंतच्या सर्व टॅकोमांना हा सेन्सर बसतो.